उघडी पडलेली कोंबडी

गुरांच्या दवाखान्यात कोंबडी घेऊन येणारी बाई रांगेत उभी राहत नाही. म्हशी, बैल, शेळ्या, कुणाचा तरी लंगडणारा कुत्रा, सगळं उरकेपर्यंत ती भिंतीला टेकून बसते आणि आम्ही साबणाने हात धुवायला लागलो की हळूच पिशवी पुढे करते. "हिचं तेवढं बघता का?" या विचारण्यात आधीच माफी मागितलेली असते. किरकोळ किमतीचा जीव, त्यासाठी डॉक्टरचा वेळ कसा मागायचा, असा तो संकोच.

२०१२च्या दिवाळीनंतर अशीच एक नायलॉनची बाजारपिशवी माझ्या टेबलावर आली. साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यातल्या त्या दवाखान्यात रुजू होऊन मला चार महिने झाले होते. पिशवीतून कोंबडीची मान बाहेर आली होती आणि मानेवर एक पीस नव्हतं. लालसर, पुरळ उठल्यासारखी कातडी आणि डोक्यावर तेवढा चुकून राहिलेला झुबका.

"पिसं गळाय लागल्यात मॅडम. अंडी बी बंद केल्यात."

मी चोच उघडून पाहिली, डोळे पाहिले, शी कशी होते ते विचारलं आणि म्हणाले, "हवा बदललीय, त्यानं होतं." कपाटात कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची बाटली होती. कपाटात असतं तेच औषध, हा आमच्याकडचा पहिला नियम. थेंब किती पाजायचे ते सांगितलं, बाई समाधानाने गेली. त्या कोंबडीचा पंख मी साधा उलगडूनसुद्धा पाहिला नव्हता.

शिकताना कोंबडी शिकवली नव्हती असं नाही. पुष्कळ शिकवली. पण ती पाच हजारांच्या शेडमधली कोंबडी होती. राणीखेत, गंबोरो असे रोग, लसीकरणाचं वेळापत्रक, खाद्याचं गणित. अंड्यांच्या धंद्यातली कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की विकून टाकतात, आणि पहिली मोठी पीसगळ होते ती दीड वर्षाच्या आसपास. म्हणजे ज्या कोंबड्यांवर आम्ही शिकलो त्यांच्या आयुष्यात ही वेळ बहुधा येतच नव्हती. चार-पाच वर्षं जगलेली, तितकेच पावसाळे बघितलेली, घरातल्या पोरांनी नाव ठेवलेली कोंबडी मी परीक्षेत पाहिली नव्हती. ती मला थेट टेबलावर भेटली.

आमच्या बाह्यरुग्ण रजिस्टरात गाय, म्हैस, शेळी यांना रकाने होते. कोंबडी 'इतर'मध्ये. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. एवढी मोठी प्रजा आणि ती 'इतर'. याचं एक कारण मला असं वाटतं की या कोंबड्या घरातल्या पुरुषाच्या नसतात. दुधाचा पगार डेअरीतून त्याच्या खात्यावर येतो. अंड्याचे पैसे बाईच्या कनवटीला. पोराची वही, स्वतःची गोळी, माहेरी जायचं एसटीचं भाडं यातून निघतं. अंडी बंद झाली की तिचा खिसा बंद होतो. "पिसं गळाय लागल्यात" हे अर्धं वाक्य असतं, खरी तक्रार दुसऱ्या अर्ध्यात.

माझं शिक्षण दुसऱ्यांदा सुरू झालं ते एका आजींच्या अंगणात. लसीकरणासाठी गेले होते. त्यांची एक तांबडी कोंबडी अशीच अर्धी सोललेली होती, आणि सून ती विकायला काढत होती. कोंबडीवाला मोटारसायकलवर जाळी लावून दारात उभा होता आणि पिसं नाहीत म्हणून शंभर रुपये पाडून मागत होता. मी सवयीने टॉनिकचं नाव घेतलं. आजी म्हणाल्या, "टानिक कशाला बाय? ती पिसं झाडतीया. दरसाल झाडती. ही दसऱ्यापतोर अंड्यावर होती, म्हणून हिचं उशिरानं." आणि त्यांनी कोंबडी काखेत धरून तिचा पंख पंख्यासारखा उघडून माझ्यापुढे धरला. पंखाच्या टोकाकडच्या मोठ्या पिसांत तीन जागा मोकळ्या होत्या, आणि प्रत्येक जागेतून निळसर, रक्ताने भरलेला, मेणाच्या काडीसारखा एक कोंब वर आला होता. दुसरा पंख उघडला. तिथेही त्याच तीन जागा.

रात्री खोलीवर जाऊन मी जुनं पुस्तक काढलं. सगळं त्यात होतंच. दिवस लहान व्हायला लागला की कोंबडीच्या शरीराला इशारा मिळतो. आपल्याकडे, साडेसतरा अक्षांशावर, जूनच्या आणि डिसेंबरच्या दिवसात जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो, तेवढा तिला पुरतो. गळती डोक्यापासून सुरू होते, मग मान, छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट. पंखातली टोकाची दहा मोठी पिसं मधल्या आखूड पिसापासून बाहेरच्या बाजूला क्रमाने पडतात. आळशी कोंबडी लवकर सुरुवात करते आणि एकेक पीस टाकत महिनोन्‌महिने रेंगाळते. चांगली अंड्याची कोंबडी उशिरा सुरू करते आणि दोन-दोन, तीन-तीन पिसं एकदम टाकून मोकळी होते. म्हणजे सगळ्यांत भिकार दिसणारी, कार्तिकात उघडी पडलेली कोंबडी ही बहुतेक वेळा खुराड्यातली सगळ्यांत कामाची कोंबडी असते, आणि कोंबडीवाला नेमकी तीच कमी भावात उचलून नेतो. पुढच्या दहा वर्षांत मी जर कुठलं उपयोगी काम केलं असेल तर अशा पंचवीस-तीस कोंबड्या विकू दिल्या नाहीत, हे.

पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. अंगभर नवीन पिसं आणायची तर अंड्याला काही उरत नाही. तांदळाच्या कण्यांवर आणि खरकट्यावर ती भर निघत नाही. म्हणून मी शेंगदाण्याची पेंड, मूठभर सुकट, वारुळाची वाळवी असं सांगायला लागले. वाळवीचं मी त्यांना शिकवलं असं मात्र नाही. शेणाच्या ओल्या गोवऱ्या आणि पाला मडक्यात भरून ते रानात पालथं घालायचं आणि जमलेली वाळवी पिल्लांना टाकायची, हे तिथल्या बायकांना माझ्या आधीपासून येत होतं. मी फक्त ते मोठ्या कोंबडीलाही टाका म्हटलं.

एकदा पंख उघडून बघायची सवय लागली की सगळंच पीसगळीत बसवायचा मोह होतो. मलाही झाला. चार महिने मी ज्याला-त्याला "पिसं झाडतीय, घाबरू नका" असं सांगत सुटले. मग एका बाईने शांतपणे विचारलं, "पर मॅडम, हिच्या पाठीवरचीच कशी गेली? मान तर भरलीया." तेव्हा लक्षात आलं की पिसं गेली एवढं ऐकून थांबायचं नसतं. कुठली गेली, ते आधी बघायचं.

त्या बाईकडे पाच कोंबड्या आणि दोन कोंबडे होते. पाठीवर आणि मानेच्या मागे टक्कल पडलं ते कोंबड्यांच्या प्रेमाने. कोंबडा वर चढताना चोचीत मानेची पिसं धरतो आणि नखांनी पाठ खरवडतो. दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, इथे पाचांना दोन. त्यातही दोघांची आवड एकाच कोंबडीवर, तिची पाठ फाटली होती. "एक कोंबडा काढा," म्हटलं तर घरात शांतता पसरली. एक कोंबडा देवाचा होता, चैत्रातल्या जत्रेला बोललेला. दुसरा पाहुण्यांसाठी राखलेला. जत्रेला अजून पाच महिने होते. मी कुठेतरी वाचलेला उपाय सांगितला: जाड कापडाचं खोगीर शिवून कोंबडीच्या पाठीवर बांधायचं, पंखांखालून दोन पट्ट्या. बाईने जुन्या खणाचं शिवलं, तेही काठासकट. दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी बघायला आली. "कोंबडीला झंपर!" म्हणून पोरं तिच्यामागे पळत होती. मला वाटलं आपली अब्रू गेली. पण पंधरा दिवसांत पाठ भरून आली आणि त्या वर्षी माझ्याकडे झंपराची मापं विचारायला तीन बायका आल्या.

छातीवरची आणि पोटावरची पिसं गेलेली कोंबडी खुडूक असते. ती स्वतःच उपटते, अंड्याला अंगाची ऊब थेट लागावी म्हणून. तिला औषध द्यायचं नसतं, अंडी द्यायची असतात. गळ्याभोवती गोल कडं पडावं तशी पिसं गेलेल्या सात कोंबड्या एकाच घरात पाहिल्या तेव्हा मी कातडी खरवडून तपासणीला नेली, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरचा शाळकरी मुलगा मला म्हणाला, "ताई, त्या जाळीतनं मान घालून बाहेरचं खात्यात." वडिलांनी मुंबईहून गणपतीला आल्यावर बारीक तारेची जाळी ठोकून दिली होती. दिवसातून शंभर वेळा मान आत-बाहेर. कानशीच ती. जाळीची भोकं मोठी केली, विषय संपला. खरवडलेली कातडी तशीच माझ्या टेबलावर.

उवांनी मात्र मला रडवलं. कोंबडीची ऊ म्हणजे पिवळसर, चपटी, पिसं बाजूला केली की सैरावैरा पळणारी. गुदद्वाराभोवती पिसांच्या बुडाशी तिच्या लिखांचे पांढरे गठ्ठे दिसतात, साबुदाणा चिकटल्यासारखे. निदान अगदी सोपं. एका वहिनींचा फोन आला. वर्णन ऐकूनच मी ओळखलं, आणि दुसऱ्या गावी बैलाच्या खुरात हात घालून बसलेली असल्यामुळे घाईत म्हणाले, "गोचिडाचं औषध आहे ना घरात? ते पाण्यात घालून लावा." किती पाण्यात किती, ते सांगितलं नाही. डोकं बुडवायचं नाही, ऊन असतानाच करायचं, हेही नाही. त्यांच्या यजमानांनी म्हशीला करतात तसं मिश्रण बादलीत केलं आणि ढगाळ संध्याकाळी चारही कोंबड्या आख्ख्या बुडवल्या. सकाळी दोन मेलेल्या होत्या. मी गेले तेव्हा वहिनी रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "तुमी सांगितल्यालंच केलं ओ." त्या दिवसापासून फोनवर औषध सांगणं मी बंद केलं. लिहून द्यायचं, माप घरातल्या झाकणाचं सांगायचं, लिखांवर औषध चालत नाही म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांदा, आणि मधल्या दिवसांतली अंडी खायची-विकायची नाहीत. हे शेवटचं कुणाला आवडत नाही, पण वहिनींच्या दोन कोंबड्यांनंतर मला ते सांगताना कधी अवघडल्यासारखं झालं नाही.

आता ती रात्र.

खोऱ्याच्या आतल्या बाजूला एक घर होतं, सासू-सून-नातवंडं, मुलगा पुण्यात कंपनीत. त्यांच्या तीन कोंबड्या दोनदा माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. छाती, मान, मांड्या विरळ, तुरा फिकट पडलेला, वजन उतरलेलं. दोन्ही वेळा पंख उघडून पाहिले, नवीन कोंब नाहीत. म्हणजे पीसगळ नव्हे. पिसं फुंकर मारून बाजूला केली, भिंग लावलं, एक ऊ नाही. कोंबडा नाही, जाळी नाही. मी जंताचं औषध दिलं, कारण काहीतरी द्यायचंच होतं. सासूबाई जाता जाता म्हणाल्या, "रातच्याला खुराड्यात जाईनात झाल्यात. फणसावर जाऊन बसत्यात. हाकलून हाकलून आत घालावं लागतंय." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. सुनेच्या हातांवर बारीक लाल पुरळ होतं, तेही दिसलं होतं. तिने सांगितलं, सरकारी दवाखान्यात ॲलर्जीचं मलम दिलंय.

डिसेंबरात त्यांचीच म्हैस अडली. रात्री साडेअकराला पोचले, दीडला रेडकू बाहेर आलं, जिवंत. सुनेने गरम पाण्याची बादली परसदारी आणून ठेवली. हात धुताना माझी नजर खुराड्यावर गेली. जुन्या दाराच्या फळ्या ठोकून केलेलं, वर पत्रा. आतून सारखी हालचाल ऐकू येत होती. कोंबड्या रात्री दीडला झोपलेल्या असायला हव्यात. या पाय आपटत होत्या, अंग झटकत होत्या, स्वतःच्या छातीत चोच मारत होत्या. मी टॉर्च आत धरली. बसायच्या बांबूच्या खालच्या बाजूला आणि फळ्यांच्या फटींशी रांगोळी सांडल्यासारखी करडी भुकटी होती, आणि ती भुकटी चालत होती.

मी पिशवीतून बँडेजचा तुकडा काढला आणि फटीवरून ओढला. पांढऱ्या कापडावर लाल रेघ उमटली. सासूबाईंनी ती जवळ घेऊन बघितली. "अगं बया, कुकू." कुंकवासारखंच दिसत होतं ते. कोंबड्यांचं रक्त होतं.

हा कोळ्याच्या जातीचा आठ पायांचा जीव, मिलिमीटरभराचाही नसतो. उपाशी असला की करडा, प्यायला की लाल. दिवसा तो कोंबडीवर थांबतच नाही, लाकडाच्या फटीत जाऊन बसतो, रात्र झाली की बाहेर येतो. कोंबडी नसेल तर महिनोन्‌महिने उपाशी तग धरतो, आणि अंडी काढायला हात घालणाऱ्या माणसालाही चावतो. मी त्या कोंबड्या दोनदा तपासल्या होत्या, सकाळी अकरा वाजता, पांढऱ्या टेबलावर, खुराड्यापासून सहा किलोमीटरवर. तिथे मला काय सापडणार होतं? फणसावर जाऊन बसणाऱ्या कोंबड्यांनी आजार सांगितला होता, सुनेच्या हातांनी सांगितला होता. दवाखान्यात फक्त कोंबडी आणली जाते. तिचं घर कुणी पिशवीत घालून आणत नाही.

दुसऱ्या दिवशी खुराडं सगळं उकललं. फळ्यांवर उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस उन्हात टाकल्या, चुन्याची निवळी नव्हे, चांगला दाट चुना फटीफटीत भरला. फार कुजलेल्या फळ्या आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत गेल्या. कोंबड्या तोवर डालग्याखाली. आठवड्याने हेच पुन्हा, कारण फटीत राहिलेल्या अंड्यांतून आठवड्यात नवी पिढी तयार होते. बांबू बदलून गुळगुळीत नळी बसवली, तिच्या टोकांना जळकं तेल लावलं. होळीपर्यंत तिन्ही कोंबड्यांचं अंग भरलं. सुनेचं पुरळ त्याच्या आधीच गेलं होतं.

तेव्हापासून मी घरी जाऊन बघायला लागले, जमेल तेव्हा दिवस मावळल्यावर. आणि हे किडे, उवा मला पूर्वीपेक्षा जास्त का सापडतात, हा प्रश्न मनात घोळायला लागला. जुनी माणसं म्हणायची, पूर्वी कोंबडीला एवढं काही होत नव्हतं. म्हाताऱ्यांच्या 'पूर्वी'वर माझा फार विश्वास नाही. पण एका घरात उत्तर अंगणातच दिसलं. घरकुल मंजूर होऊन नवं घर झालेलं, पुढे फरशी, मागे पेव्हर ब्लॉक, गॅस आलेला. कोंबड्या फरशीवर अंग टाकून पंख आपटत होत्या, धुळीत लोळतात तशा, आणि खाली धूळ नव्हती. कोंबडीची आंघोळ धुळीची. कोरडी बारीक माती पिसांच्या मुळापर्यंत उडवून ती अंगावरचे किडे आणि जादा तेल झाडून टाकते. पूर्वी परसदारी चुलीच्या राखेचा ढीग असायचा, कोंबड्या दुपारभर त्यात लोळायच्या. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या चार महिन्यांत खोऱ्यात कोरडी माती औषधालाही मिळत नाही. राख तेवढी कोरडी असायची, कारण ती पडवीत असायची. २०१६ नंतर गॅस घरोघर पोचला आणि राख आटली.

गॅसला मी दोष देणार नाही. चुलीपुढे बसून खोकणाऱ्या, डोळे लाल झालेल्या बायका मी त्याच घरांत पाहिल्या आहेत आणि एका कोंबडीच्या पिसांसाठी कुणी पुन्हा धूर गिळावा असं म्हणणारा माणूस स्वतः कधी चुलीपुढे बसलेला नसतो. पण चुलीबरोबर काय काय गेलं याचा हिशोब कुणी मांडला नव्हता. आम्ही जुनी जीपची टायरं आणली, गॅरेजवाला फुकट देतो. टायर वळचणीखाली पाऊस लागणार नाही असं ठेवायचं, त्यात चाळलेली कोरडी माती, आणि बंबाची किंवा वीटभट्टीची मिळेल ती राख. उन्हाळ्यात दोन पोती माती भरून ठेवायची, पावसाळ्यासाठी. सरपण भरून ठेवतात तशी. याला पैसे लागत नाहीत म्हणून याची योजना होत नाही, असं मी एका मासिक बैठकीत म्हणाले. लोक हसले.

जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला तेव्हा सगळ्याच वाड्या धास्तावल्या. २००६ला नवापुरात काय झालं होतं ते जुन्या लोकांनी टीव्हीवर पाहिलेलं. एका घराच्या उघड्या मानेच्या दोन कोंबड्या बघून शेजाऱ्याने तक्रार केली, आणि मी पोचण्याआधी घरातल्या बाईने त्या पोत्यात घालून रानात नेऊन लपवल्या होत्या. मारून टाकतील म्हणून. बर्ड फ्लूची कोंबडी पिसं टाकत बसत नाही, तिला तेवढा वेळच मिळत नाही. डोकं सुजतं, तुरा निळा पडतो, एका रात्रीत पटापट मरतात. त्या पोत्यातून काढलेल्या दोघींचे पंख मी शेजाऱ्यासमोर उघडले आणि कोंब मोजून दाखवले. त्याला पटलं की नाही माहीत नाही. पण बाईने त्या मोजणीला अशी मान हलवली की जणू कोर्टात साक्ष झाली.

शेवटी ती कोंबडी, जिच्यापुढे माझं काहीच चाललं नाही.

वरच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या एका आजींची. काळी होती म्हणे, मी पाहिली तेव्हा काळं फक्त पंखांवर आणि शेपटीवर उरलं होतं. बाकी सगळं अंग उघडं, वर्षभर. पिल्लू असताना अंगभर पिसं होती, म्हणजे उघड्या मानेच्या जातीचं रक्तही नव्हे. एकटीच कोंबडी, दुसरी टोचायला नाही, कोंबडा नाही. पंख पाहिले. रात्री टॉर्च घेऊन गेले, तेही दोनदा. पिसाच्या मुळाशी बिळं करणारा एक किडा असतो, त्यासाठी कातडी खोल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. नमुना पुढे प्रयोगशाळेत पाठवला, उत्तर आलं, काही आढळलं नाही. तीन महिने पेंड आणि सुकट मी स्वतः पोचवली. कोंबडी खात होती, चरत होती, आठवड्याला दोन अंडी घालत होती. पीस मात्र एक नाही. थंडीत आजी तिला जुन्या स्वेटरच्या बाहीत घालून उशाशी घेऊन झोपायच्या.

"काय झालंय वो हिला?" दर वेळी विचारायच्या.

"मला नाही कळत आजी," असं मी म्हणाले तेव्हा त्यांना वाईट वाटलं नाही. म्हणाल्या, "नसंल कळत. सगळंच कुठं कळतं?" आणि भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढे टाकला. स्वतःच्या ताटातला, अर्धा.

रजिस्टरात मी लिहिलं, 'कारण : अज्ञात'. तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी त्या ओळीवर पेन ठेवलं. अज्ञात लिहायचं नसतं, अहवालात अज्ञात चालत नाही, पोषणाचा अभाव लिहा. मी वाद घालायला हवा होता. त्या दिवशी आणखी दोन चौकशा होत्या, मार्च अखेर होती, मी खोडून लिहून दिलं.

२०२२ला माझी बदली झाली. कार्यभार देताना रजिस्टरं मोजून दिली, त्यात तेही गेलं. कोंबडी तेव्हा जिवंत होती आणि तशीच उघडी होती. तिच्या ओळीत 'पोषणाचा अभाव' असं माझ्या अक्षरात, माझ्या सहीने लिहिलेलं आहे. ते खोटं आहे.